सरांचा उरलेला शब्द

"सर, हाऊ आर यू?" निखाडे वकिलांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं.

"नाइस," बाबा म्हणाले.

वकिलांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे समाधानाने पाहिलं. सोबत आलेल्या दोघा जुन्या विद्यार्थ्यांनीही माना डोलावल्या. बाबांचा उजवा हात कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा मांडीवर पडला होता, आणि ओठाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ आई पदराने टिपत होती.

"काकू, सगळं गेलं पण सरांचं इंग्रजी नाही गेलं," वकील म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण."

मग त्यांनी पाय दुखतो का विचारलं. नाइस. जेवण जातं का? नाइस. काही हवंनको सांगा, सर, आम्ही मुलंच आहोत तुमची. यावर बाबांनी डाव्या मुठीने खाटेची पाटी जोरात ठोकली आणि डोळे वटारून म्हणाले, "नाइस." तिघंही हसले. सरांचा दरारा अजून शाबूत आहे, असं एकमेकांना सांगत चहा पिऊन गेले. मी कप उचलले. त्या माणसांवर रागावण्यात अर्थ नव्हता, तरी मी रागावले होते.

माझे वडील यशवंत कुळमेथे हे हिंगणघाटच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजीचे मास्तर होते. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. ते नुसते 'सर'. निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, न्हाणीघराच्या दारात ते कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना बरंचसं समजतं, फक्त आतलं बाहेर येण्याचा रस्ता बंद झालाय. अशा माणसांपाशी कधीकधी एखादाच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच तोंडातून येतो. कुणाला देवाचं नाव उरतं, कुणाला शिवी. आमच्या वाट्याला 'नाइस' आला.

नशिबाने थट्टा करावी तर किती करावी, हे त्यांच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. आयुष्यभर सरांना सगळ्यात जास्त चीड कोणत्या शब्दाची असेल, तर याच. दरवर्षी जूनमध्ये नववीच्या नव्या वर्गावर त्यांचा पहिला तास या शब्दाचा असायचा. मीही त्या बाकावर बसलेली आहे. ते फळ्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहायचे आणि अर्थ विचारायचे. मुलं ओरडायची: छान, चांगला, सुंदर, गोड, मस्त. सर सगळे अर्थ लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, ज्या घराला दार नाही त्या घरात कोणीही शिरतं, तसा हा शब्द आहे. जेवण नाइस, हवा नाइस, मुलगी नाइस, मेलेला माणूसही नाइस. मग ते एकेकाला त्याचा योग्य शब्द द्यायचे. जेवणाला डिलिशस, हवेला प्लेझंट, माणसाला काइंड, झोपेला साउंड. फळा भरायचा. निबंधात पुढे कुणी नाइस लिहिलं तर त्याभोवती लाल गोल आणि एक मार्क कमी.

शेवटी यायचं शब्दाचं मूळ. तो भाग त्यांना फार आवडायचा, खडू टेबलावर ठेवून, हात झटकून ते सांगायचे. हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ काय, तर न जाणणारा. अडाणी. फ्रान्समध्ये गेला तेव्हा मूर्ख झाला. इंग्लंडात आला, लाजाळू झाला, मग नाजूक झाला, मग चोखंदळ झाला, आणि शेवटी छान झाला. "बघा," सर म्हणायचे, "एक अडाणी गाव सोडून निघाला, देशोदेशी फिरला आणि साहेब झाला. आता त्याला विचारा, बाबा रे तुझं मूळ काय. सांगेल का तो?" वर्ग हसायचा. सरही हसायचे. दरवर्षी त्याच जागी.

तर हा साहेब आता आमच्या घरात मुक्कामाला आला होता, आणि बाबांच्या तोंडातून दुसऱ्या कोणाला बाहेर येऊ देत नव्हता.

मी तेव्हा पोस्टात होते, बाबांसाठी लांबची रजा काढलेली. लग्न करून परत आलेली, म्हणजे गावाच्या दृष्टीने रिकामीच. बाबांचं करायला मीच होते. माझा भाऊ प्रफुल्ल पुण्याला होता. तो आला, आठवडाभर राहिला, औषधांची व्यवस्था लावून गेला. खाणं, पाणी, बाजू बदलणं या गोष्टी खुणांवर भागत होत्या. त्यासाठी भाषा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण दुपारची गोष्ट वेगळी होती.

दुपारी ऊन उतरायला लागलं की बाबा अस्वस्थ व्हायचे. डाव्या हाताने माझं मनगट धरायचे आणि बोलायला लागायचे. शब्द तोच, नाइस, पण ओळीने, वाक्यासारखा. चढायचा, उतरायचा, मध्ये थांबायचा. आधी काहीतरी सांगितल्यासारखा, मग समजावल्यासारखा, आणि सगळ्यात शेवटी विनवल्यासारखा. शेवटी ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, उत्तराची वाट पाहत. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की चाल दररोज तीच आहे. म्हणजे त्यांना एकच गोष्ट सांगायची होती आणि तीच ते दररोज सांगत होते. ती काय आहे, एवढंच मला हवं होतं. ते चालायला लागावेत अशी आशा मी कधीच सोडली होती.

मी विचारून पाहिलं. प्रफुल्लला बोलवू? बँकेचं काही? घराचं? आईचं? माझं? ते डोळे मिटून मान हलवायचे. नाही, नाही, नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघा. चित्रं दाखवली तर चिडायचे. मग रडायचे. माझ्या बापाला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते बघवत नव्हतं, आणि उठून जाताही येत नव्हतं, कारण मनगट त्यांच्या मुठीत असायचं.

वर्ध्याच्या एका दवाखान्यात वाचेवर उपचार करणारी डोंगरे नावाची मुलगी होती. वयाने माझ्याहून लहान, पण समजूतदार. तिने बाबांना तपासलं आणि मग आम्हाला बाजूला घेऊन विचारलं की सर लहानपणी घरी कोणती भाषा बोलायचे.

"मराठी," आई म्हणाली. "शुद्ध."

"नक्की ना, काकू? कारण कधीकधी आधी आलेली भाषा आधी परत येते. सुरुवात तिथून केलेली बरी."

"मराठी म्हणजे मराठीच," आई म्हणाली. "आणि मग इंग्रजी. इंग्रजीवर त्यांचा जीव होता."

मग इंग्रजीपासून सुरू करू, डोंगरे म्हणाली. जो शब्द उरलाय त्यालाच धरा, त्याच्या शेजारचे शब्द द्या. एक दार उघडलं तर पुढची उघडतील. मला ते इतकं पटलं की परतीच्या एसटीतच मी मनात फळा भरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खाटेसमोर भिंतीवर फळा टांगला आणि वर मोठ्या अक्षरात तोच शब्द लिहिला. मग अर्थ. मग समानार्थी. सरांचाच तास, सरांसमोर. बाबा, म्हणा, प्लेझंट. "नाइस." काइंड. "नाइस." त्यांच्या बोटांत खडू धरून, वर माझा हात ठेवून अक्षरं गिरवून घेतली. विद्यार्थी भेटायला यायचे ते फळा पाहून गहिवरायचे, आपणही एकेक शब्द लिहून जायचे. महिनाभर हे चाललं. शेजारपाजारी म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

बाबा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. एक दिवस मी खडू पुढे केला तेव्हा त्यांनी तोंड गच्च मिटलं. मी त्यांचं बोट धरायला गेले, तर त्यांनी खडू हिसकावला आणि भिरकावला. तो फळ्यावर आपटून फुटला. त्यानंतर दुपारी मनगट धरणंही त्यांनी सोडून दिलं. आता मी शेजारी बसले की ते भिंतीकडे बघायचे. हे आधीच्या रडण्यापेक्षा वाईट होतं, कारण रडताना निदान त्यांना माझ्याकडून काही अपेक्षा होती.

एप्रिल लागला. एका सकाळी मी आणि आई मिळून त्यांना आंघोळ घालत होतो. बादलीत कढत पाणी मिसळायचं आई विसरली आणि पहिलाच तांब्या थंडगार पाण्याचा त्यांच्या पाठीवर पडला. बाबा दचकले आणि ओरडले, "येर."

मी थबकले. दोन महिन्यांनंतर त्या तोंडातून नाइस सोडून काहीतरी आलं होतं. मी म्हटलं, आई, ऐकलंस? येर म्हणाले. हा काय शब्द? इंग्रजीतला तर नाही.

आईने तांब्या खाली ठेवला. ती बाबांकडे बघत नव्हती. "पाणी," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"लग्नाच्या साली टायफॉइड झाला होता. तापात मागत होते."

बाबांना पुसून, कपडे घालून खाटेवर आणलं. मग मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई तशी मोजकं बोलणारी. बाबांनी तिची वऱ्हाडी बोलीही मोडून काढली होती, त्यामुळे घरात तिची वाक्यं जरा इस्त्री केल्यासारखी यायची. त्या दिवशी ती इस्त्री गेली.

"गोंडी हाय ते," ती म्हणाली. "त्यांची मायबोली. दहा वर्साचे होईस्तोवर दुसरी भाषाच नव्हती त्यांच्या तोंडात. आमच्याकडं माह्या आज्यापासून मराठी, मले त्यातलं काही येत नाही. तेवढं एक पाणी ठाऊक."

आम्ही गोंड आहोत हे मला दाखल्यापुरतं माहीत होतं. जंगलातले गोंड गोंडी बोलतात, हे मी भूगोलात पाठ केलं होतं. बाबा त्यांच्यातलेच, हे माझ्या कधी मनात आलं नाही, कारण बाबांनी ते येऊ दिलं नव्हतं. आजी-आजोबा मी पाहिले नव्हते. गडचिरोलीकडे, धानोऱ्यापलीकडे कुठेतरी गाव आहे आणि तिथे कोणी उरलेलं नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

"डोंगरे मॅडमनं एवढं विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? लग्न झाल्यावर पयल्याच आठवड्यात वचन घेतलं होतं माह्याकडून. कोणालेच सांगायचं नाही, पोरायलेही नाही." आई ओट्याला टेकून उभी होती. "शाळेत होते, वसतिगृहात. एकदा त्या भाषेत बोलले तर मास्तरनं तोंडात खडू कोंबला. चावायले लावला. जीभ पांढरी होईस्तोवर, सगळ्या पोरायसमोर. तवापासून बोलले नाहीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. माझा कळसा काखेत होता आणि मी महिनाभर त्या माणसाच्या बोटांत खडू कोंबत होते. आईवर चिडण्यात काय हशील होतं? तिने वचन पाळलं होतं. मी आत जाऊन फळा उतरवला आणि मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग मी ग्लासात पाणी घेतलं, बाबांच्या समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, येर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. चोरी पकडली गेल्यावर मूल बघतं तशी होती. त्यांनी तोंड फिरवलं. मी ग्लास धरून तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच मान वळवली, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायले.

त्या दिवसापासून मी पाणी देताना दरवेळी येर म्हणायचे. हळूहळू त्यांची भीड चेपली. एकटे असले की पुटपुटायला लागले. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. नाइस त्यात कुठे नव्हतं. मी आत गेले की गप्प व्हायचे, पण चेहरा पूर्वीसारखा बंद नसायचा. रस्ता उघडत होता, हे मला दिसत होतं. त्या रस्त्यावर त्यांना सामोरं जाणारं कोणी नव्हतं, हेही दिसत होतं.

हिंगणघाटात आमच्यातले मडावी होते, आत्राम होते, उईके होते. मी दारं वाजवली. सगळीकडे माणसं भली, आणि सगळीकडे मराठी. एका म्हाताऱ्याने सांगितलं, माह्या मायला येत होती, तिच्याबरोबर गेली. शेवटी मी आईला पुन्हा गाठलं आणि विचारलं की बाबांच्या गावात खरंच कोणी नाही का. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं की बाबांचा धाकटा भाऊ आहे, दलसू. आणि दोन बहिणी. काका एकदा आमच्या दारापर्यंत येऊन गेला होता, मी लहान असताना. बाबा त्याच्याशी ओट्यावर उभ्याउभ्याच मराठीत बोलले होते आणि तो पाणी न पिता परत गेला होता.

गावात फोन नव्हता. धानोऱ्याच्या किराणा दुकानाचा नंबर मी पोस्टातल्या ओळखीने काढला. दुकानदाराने निरोप पोहोचवतो म्हणून सांगितलं. मोहफुलं वेचण्याचे दिवस, माणसं जंगलात असतात, थोडा वेळ लागेल. आठवडाभराने त्याचाच फोन आला: दलसू निघतोय, परवा पोहोचेल. मी बाबांना जाऊन सांगितलं, "बाबा, दलसू काका येतोय." त्यांना कितपत कळलं कोण जाणे. पण ते भावाचं नाव दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी अगदी स्पष्ट म्हणाले.

काका यायच्या आदल्या दिवशीची ही दुपार. आई दळण आणायला गेली होती. मी बाबांना पाणी दिलं, येर म्हटलं, ते प्यायले. ग्लास खाली ठेवते तोच त्यांनी माझं मनगट धरलं, पूर्वीसारखंच, आणि बोलायला लागले.

हे पुटपुटणं नव्हतं. अख्खी वाक्यं होती, एकामागून एक, न अडखळता. शाळेत बोलायचे तो घुमवलेला, खर्जातला आवाजही नव्हता. हा पातळ होता, भरभर पळणारा, तरुण. या माणसाला मी ओळखत नव्हते. एका ठिकाणी ते हसले. एका ठिकाणी ते थांबले आणि पुन्हा बोलू लागले. चाल मी ओळखली. आधी सांगणं, मग समजावणं. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी ते माझं मनगट धरत होते तीच गोष्ट आता शब्दांसकट माझ्यासमोर येत होती, आणि मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मला..."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. थांब, बोलू दे. मग माझ्या लक्षात आलं की मला कळतंय असं त्यांना वाटतंय. दररोज मी येर म्हणत होते ना. ते धरून चालले होते की आईने मला सगळं शिकवलं असेल, किंवा रक्तातून आलं असेल, किंवा त्या मेंदूत जे काही उरलं होतं त्यात मी त्यांच्याच गावची कुणी झाले असेन. मी कान देऊन ऐकत राहिले. निदान आवाज तरी धरून ठेवावेत, उद्या काकाला म्हणून दाखवावेत. तेव्हा खिशात फोन नसायचे, घरातला टेपरेकॉर्डर बिघडून पडला होता. शेवटी विनवणी आली. ते थांबले आणि त्यांनी डावा तळहात माझ्यासमोर पसरला.

वचन मागताना पसरतात तसा.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या दुपारी असेच बघत राहिले होते आणि दरवेळी मी त्यांना रिकामं पाठवलं होतं. नाही समजलं असं म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. मला वाटलं, उद्या काका येतोय. तो विचारेल, हे पुन्हा सांगतील, तेव्हा कळेलच काय ते. एका दिवसाचा तर प्रश्न. मी त्यांच्या तळहातावर माझा हात ठेवला.

"हो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात दाबला. मग उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा इतका शांत झालेला मी कधी पाहिला नव्हता, निवृत्तीच्या समारंभातही नाही. आई दळण घेऊन आली तर ते गाढ झोपले होते. मी आईला सांगितलं, बाबा बोलले. ती दळणाचा डबा कडेवर तसाच धरून रडली, आणि मीही आनंदाने रडले. त्या घरातला तो शेवटचा आनंद.

पहाटे त्यांचा श्वास घरघरायला लागला. डॉक्टर आले, दुसरा झटका म्हणाले, दवाखान्यात हलवण्यात आता राम नाही म्हणाले. प्रफुल्लला फोन केला. दुपारी दलसू काका आला. बारीक अंगाचा, बाबांसारख्याच कपाळाचा माणूस, हातात पिशवी आणि पिशवीत मोहफुलं. तो चप्पल बाहेर काढून खाटेपाशी आला आणि खाली बसला. त्याने बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागला. तो दिवस मावळेपर्यंत बोलला, दुसऱ्या दिवशीही बोलला. बाबांच्या डोळ्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

मधल्या वेळात त्याने मला बाहेर बोलावलं. मोडक्या मराठीत, पण नीट विचारलं की दादा काय बोलला ते सांग. मी ऐकलेलं आठवायला बसले. माझा कान चांगला आहे, असं बाबाच म्हणायचे. इंग्रजी उच्चार मी एकदा ऐकले की चुकत नसे. पण हे आवाज पाण्यासारखे बोटांतून गेले होते. मी एक म्हटला, काकाने मान हलवली. दुसरा म्हटला, मान हलवली. त्याचा चेहरा माझ्या ओठांशी आला होता. मग मला एक आठवला, तो पुन्हा पुन्हा आला होता, त्याबद्दल मला खात्री होती.

"नन्ना," मी म्हटलं.

काकाचे डोळे चमकले. "हो. नन्ना. बरोबर."

"म्हणजे काय?"

"मी."

"आणि पुढे?"

"पुढं तू सांगशील तवा नं," काका म्हणाला. "नन्ना म्हंजे मी. मी असं, मी तसं. मी येतो, मी जातो, मी चुकलो. काय 'मी'?"

मी पुन्हा म्हटलं, नन्ना.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले. प्रफुल्ल पोहोचला होता. काकाने एकदाच विचारलं की दादाला गावी न्यायचं का, तिथे आपल्या लोकांची जागा आहे. प्रफुल्लने माझ्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, बाबा काही बोलले होते का असं, ताई? त्या दुपारी बाबांनी तेच सांगितलं असेल का मला? की बरोबर उलट, मला तिकडे नेऊ नका म्हणून इतके दिवस विनवत होते? निखाडे वकील आणि शाळेची माणसं तोवर दारात जमली होती, ट्रक आला होता. हिंगणघाटच्याच स्मशानात त्यांना नेलं. संध्याकाळी शाळेत शोकसभा झाली. वकील इंग्रजीतून बोलले, चांगलं बोलले. सरांच्या शेवटच्या दिवसांतही इंग्रजीनेच त्यांची साथ दिली, असं त्यांनी सांगितलं. काका माझ्या शेजारी हात जोडून बसला होता. त्याने विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, चांगलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. गडचिरोलीची गाडी यायची होती. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला की गावात दोघी बहिणी आहेत, म्हाताऱ्या. त्या दादाचं शेवटचं बोलणं विचारतील.

"काय सांगू त्यायले?"

"सांगा, खूप बोलले," मी म्हटलं. "आपल्या भाषेत बोलले. वचन मागितलं."

"आन् तू?"

"मी हो म्हटलं."

काकाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "कशाले हो म्हटलं, पोरी?" त्याने विचारलं. गाडी लागली, माणसं दाराकडे धावली, मी त्याची पिशवी वर दिली. त्याला खिडकीशी जागा मिळाली. गाडी वळेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, उत्तर येईल म्हणून.

आता काकाही नाही आणि त्या दोघी आत्याही नाहीत. मध्यंतरी मी रजा काढून त्यांच्या गावी जाऊन राहिले होते, थोडीफार गोंडी शिकले. बाजारात भाव करण्यापुरती येते. पण ती येईपर्यंत त्या दुपारचे आवाज पुरते विरून गेले होते. नन्ना तेवढा राहिला, आणि पुढे काही नाही. वचन मात्र मी दिलेलं आहे, हात देऊन दिलेलं आहे. ते माझ्याकडून पाळलं गेलं की मोडलं, हे कळायचा आता कोणताही मार्ग नाही. काही करायला घेतलं की मनात येतं, हेच करू नको म्हणाले असतील. हात आखडता घेतला की मनात येतं, हेच कर म्हणाले असतील.